घरचं आणि विकतचं : व्हीएफबी श्टुटगार्टच्या दहा वर्षांची गोष्ट

सुरुवातीला एका शब्दाचा घोळ मिटवून टाकू. भारतात टीव्हीवर इंग्लिश फुटबॉल बघत मोठे झालेल्यांना 'मॅनेजर' म्हटलं की अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आठवतात, मैदानाच्या कडेला च्युइंगगम चघळत उभे असलेले. जर्मनीत त्या माणसाला 'ट्रेनर' म्हणतात. इथला मॅनेजर वेगळा. खेळाडूंची खरेदी-विक्री, करार, पगार, नव्या ट्रेनरचा शोध आणि जुन्याला नारळ, ही त्याची कामं. संघ हरला की प्रेक्षकांच्या शिट्ट्या ट्रेनरला बसतात. पण मैदानावर कोण उतरू शकतं, हे मॅनेजरनं काही महिने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. म्हणून एखादा क्लब का घसरला हे शोधायचं तर मॅचचे निकाल बघण्याआधी मॅनेजरची खरेदीची वही बघावी.

आपल्या भागात ही वही अनेकांनी मनातल्या मनात ठेवलेली असते. शनिवारी गेर्लिंगेनहून सुटणाऱ्या यू-६ मध्ये लाल-पांढरे मफलर चढू लागले, की समजायचं व्हीएफबीची घरची मॅच आहे. वाइलिमडॉर्फ, फॉयरबाख करत गाडी मुख्य स्टेशनापर्यंत पोचते तोवर कोणाला विकायला नको होतं आणि कोणाला घ्यायला नको होतं यावर डब्यात एकमत झालेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा खरेदी करणाऱ्याच्या विरुद्ध असतं. त्या चर्चेतली दहा वर्षं इथे मांडतो आहे: २००७ ते २०१६. जर्मनीचा विजेता ते दुसऱ्या डिव्हिजनमध्ये हकालपट्टी, एवढा हा प्रवास.

आपल्यातले बरेच जण शिलरहोअच्या टेकडीवर किंवा फॉयरबाखला बॉशमध्ये काम करतात, काही डाइमलरमध्ये. त्यामुळे एक शब्द वापरला तर समजावून सांगावा लागणार नाही: मेक ऑर बाय. एखादा सुटा भाग आपल्या कारखान्यात बनवायचा की बाहेरून घ्यायचा? घरी बनवायला वेळ लागतो, माणसं घडवावी लागतात, पण विद्या घरात राहते. बाहेरून घेतला तर लगेच मिळतो, पण पुढच्या वर्षी तो पुरवठादार काय भाव सांगेल ते आपल्या हातात नसतं. आपल्या आज्यांना हा प्रश्न पापड-लोणच्यांच्या बाबतीत पडायचा. व्हीएफबीचा गेल्या पाव शतकाचा इतिहास म्हणजे ह्याच प्रश्नाची पुन्हा पुन्हा दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत.

क्लब जुना, १८९३ चा. जर्मनीचं विजेतेपद पाच वेळा मिळवलं: १९५०, १९५२, १९८४, १९९२ आणि २००७. पहिल्या दोन विजेतेपदांच्या वेळचा मोठा खेळाडू रॉबर्ट श्लिंझ. १९४८ साली अपघातात त्याचा डावा हात गेला, तरी तो पुढे अनेक वर्षं एका हातानं खेळत राहिला आणि पश्चिम जर्मनीकडूनही खेळला. कानश्टाटला मुख्य स्टेडियमच्या शेजारी जे छोटं मैदान आहे, त्याला त्याचं नाव दिलेलं आहे. व्हीएफबीची पोरं तिथे खेळतात. जर्मनीत वरच्या वयोगटातलं कुमार विजेतेपद सर्वांत जास्त वेळा ह्याच क्लबनं जिंकलेलं आहे. थोडक्यात, घरी बनवण्याची विद्या इथे पूर्वीपासून होती.

पण ती वापरायची वेळ सहसा तिजोरी रिकामी झाल्यावरच आली. गेरहार्ड मायर-फोरफेल्डर हे १९७५ पासून २००० पर्यंत पंचवीस वर्षं क्लबचे अध्यक्ष. त्यातली काही वर्षं ते बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याचे अर्थमंत्रीही होते. राज्याचा हिशोब त्यांनी कसा सांभाळला हे मला ठाऊक नाही, क्लबवर मात्र ते गेले तेव्हा कर्ज होतं. विकत घ्यायला पैसे नाहीत म्हटल्यावर २००१ साली आलेल्या फेलिक्स मागाटनं घरची पोरं उतरवली. गोलमध्ये टिमो हिल्डेब्रांड, मागे आंद्रेआस हिंकेल, पुढे केविन कुरान्यी. त्यांच्या जोडीला बेलारूसचा अलेक्झांडर ह्लेब आणि बायर्नहून दोन वर्षांसाठी उसना आणलेला फिलिप लाम. २००३ साली लीगमध्ये दुसरा नंबर. १ ऑक्टोबर २००३ ला चॅम्पियन्स लीगमध्ये ह्या पोरांनी फर्ग्युसनच्या मँचेस्टर युनायटेडला २-१ नं हरवलं. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी त्यांना 'तरुण रानटी' असं नाव दिलं होतं, कौतुकानं.

मग नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकं आली. मागाट स्वतः २००४ ला बायर्नकडे गेला. २००५ ला कुरान्यी शाल्कला आणि ह्लेब आर्सेनलला. त्या पैशातून नावाजलेला डॅनिश फॉरवर्ड योन डाल तोमासन आणि त्याच देशाचा येस्पर ग्रोनक्येअर आणले, आणि ट्रेनर म्हणून जगप्रसिद्ध जोव्हानी त्रापात्तोनी. कागदावर झकास. मैदानावर इतकं कंटाळवाणं, की फेब्रुवारी २००६ मध्ये त्रापात्तोनींना घरी पाठवावं लागलं. घरचं विकून आलेल्या पैशातून तयार नावं घ्यायची, हा प्रयोग क्लबनं तेव्हाच एकदा करून पाहिला होता. त्यातून काय शिकले, ते पुढे दिसेलच.

जानेवारी २००६ मध्ये क्लबनं मॅनेजर म्हणून नेमला होर्स्ट हेल्ट. वय ३६. आदल्या महिन्यापर्यंत तो ह्याच संघाचा खेळाडू होता. खरेदी-विक्रीचा अनुभव शून्य. त्रापात्तोनींच्या जागी आलेला आर्मिन फे हाही सगळ्यांना तात्पुरता वाटत होता. ह्या दोघांनी २००६ च्या उन्हाळ्यात जी खरेदी केली ती आजही अभ्यासण्यासारखी आहे. जर्मनीत नुकताच वर्ल्ड कप झालेला, सगळ्या जगाचे एजंट इथेच. हेल्टनं मेक्सिकोच्या संघातले दोघे उचलले: मधल्या फळीतला पावेल पार्दो आणि बचावातला रिकार्दो ओसोरियो. दोघेही युरोपात कधी न खेळलेले. दुसऱ्या डिव्हिजनमधून रोबेर्टो हिल्बर्ट, श्ट्रासबुर्गहून आर्थर बोका, माइन्झहून अंतोनिओ दा सिल्वा. एकही नाव असं नाही की ज्यासाठी गेर्लिंगेनच्या पोरानं शर्टावर नंबर छापून घेतला असता.

पण ह्या प्रत्येकासाठी संघात एक रिकामी जागा होती. आणि उरलेल्या जागांवर घरचे होते: हिल्डेब्रांड, मारिओ गोमेझ, सेर्दार ताश्ची, क्रिस्टियान गेंटनर आणि फेलबाखजवळच्या ओएफिंगेनचा विशीतला सामी खेदिरा. मोसमाची पहिली घरची मॅच न्यूर्नबर्गविरुद्ध ०-३ अशी हरले आणि लोकांनी फे आणि हेल्टच्या नावानं बोटं मोडली. पण शेवटच्या आठ मॅच सलग जिंकून तेच लोक १९ मे २००७ ला पहिल्या नंबरवर होते. त्या दिवशी कॉटबुसनं आधी गोल केला. मग पार्दोनं मारलेला कॉर्नर थॉमस हिट्झल्सपेर्गरनं हवेतच, जमिनीला लागू न देता, जाळ्यात घातला. ६३ व्या मिनिटाला खेदिरानं डोक्यानं दुसरा मारला. २-१. पहिला गोल विकतचा, दुसरा घरचा. शाल्क दोन गुणांनी मागे राहिलं आणि श्लोसप्लाट्झवर रात्री पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्यापैकी जे तेव्हा इथे होते त्यांना कानश्टाटहून शहरात येणाऱ्या मिरवणुकीचे हॉर्न आठवत असतील. गणपती विसर्जनाला पुण्यात लक्ष्मी रोडवर असते तशी गर्दी होती, फक्त ढोल नव्हते.

एका आठवड्यानं, २६ मे ला, बर्लिनला कपची फायनल न्यूर्नबर्गविरुद्ध जादा वेळेत २-३ अशी गमावली. हा निकाल फारसा कोणाच्या मनात राहिला नाही. पण त्या मॅचमधला न्यूर्नबर्गचा गोलकीपर लक्षात ठेवा. राफाएल शेफर.

आता २००७ चा उन्हाळा. हेल्ट तोच, फे तोच. पण परिस्थिती बदललेली. हातात चॅम्पियन्स लीगचे पैसे, डोक्यावर विजेतेपद, आणि प्रत्येकाची अपेक्षा की आता मोठी नावं आली पाहिजेत. आदल्या वर्षी प्रश्न होता 'कुठली जागा रिकामी आहे?' ह्या वर्षी तो झाला 'विजेत्या संघाला कोण शोभेल?' माझ्या मते सगळी घसरण ह्या एका बदलात आहे.

शाख्तार दोनेत्स्ककडून रुमानियाचा तरुण फॉरवर्ड चिप्रियान मारिका आला. बातम्यांनुसार किंमत ८० लाख युरोंच्या आसपास, क्लबच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी. पहिल्या मोसमात त्याचे लीगमधले गोल हाताच्या बोटांवर मोजता आले. बर्लिनहून यिल्दिराय बाश्तुर्क, नाव मोठं आणि गुणीही, पण दुखापतीतून फारसा बाहेर आलाच नाही. डोर्टमुंडमध्ये पूर्वी गाजलेला एव्हेर्तोन साराग्योसाहून आला आणि हिवाळ्यात परत स्पेनला गेला. दुसऱ्या बाजूला घरचा गेंटनर वोल्फ्सबुर्गला गेला, आणि दोन वर्षांनी तिथे मागाटच्या हाताखाली जर्मनीचा विजेता झाला. चॅम्पियन्स लीगच्या गटात बार्सेलोना, लिऑन आणि रेंजर्स यांच्यात व्हीएफबी शेवटचं, सहा मॅचमध्ये फक्त तीन गुण. लीगमध्ये सहावा नंबर.

सहावा नंबर काही वाईट नाही, असं कोणी म्हणेल. खरं आहे. म्हणूनच घसरण कळायला इतकी वर्षं लागली. हे आकडे एका ओळीत ठेवून बघा, २००६-०७ च्या मोसमापासून पुढची दहा वर्षं: १, ६, ३, ६, १२, ६, १२, १५, १४, १७. मधल्या ३ आणि ६ नी दर वेळी सगळ्यांची समजूत घातली की गाडी रुळावर आहे.

ह्या दहा वर्षांची पूर्ण कथा एकाच जागेवरून सांगता येते. ती जागा म्हणजे गोल.

टिमो हिल्डेब्रांड शाळकरी वयात व्हीएफबीत आला आणि इथेच तयार झाला. २००३ साली त्यानं लीगमध्ये सलग ८८४ मिनिटं गोल खाल्ला नाही, तो तेव्हाचा विक्रम होता. २००७ ला त्याचा करार संपत होता. १९९५ साली युरोपियन कोर्टानं बोसमान नावाच्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात निकाल दिला, तेव्हापासून करार संपलेला खेळाडू जुन्या क्लबला एक पैसा न देता हवा तिथे जाऊ शकतो. म्हणजे करार संपण्याच्या दीड-दोन वर्षं आधी मॅनेजरला एक तर सही घ्यावी लागते किंवा विकावं लागतं. दोन्ही झालं नाही. हिल्डेब्रांड विजेतेपदाचं पदक गळ्यात घालून फुकट व्हॅलेन्सियाला गेला.

त्याच्या जागी आला शेफर, कप फायनलमध्ये समोर उभा असलेला. चांगला गोलकीपर होता, न्यूर्नबर्गचा कॅप्टन होता. इथे त्याला जमलंच नाही. घरच्या प्रेक्षकांनी त्याच्या चुकांवर शिट्ट्या मारल्या आणि वर्षभरात तो न्यूर्नबर्गला परतला. मग २००८ ला ३८ वर्षांचा येन्स लेमान आणला. लेमाननं दोन वर्षं उत्तम काढली, पण अडतिसाव्या वर्षी आणलेला माणूस म्हणजे भाड्याचं घर, पुढचा पत्ता शोधत राहावं लागतं. २०१० ला ती जागा अखेर घरच्या मुलाला मिळाली: शोर्नडॉर्फचा स्वेन उलराइश. त्याच्या मागे रांगेत आणखी एक घरचाच होता, बेर्न्ट लेनो, तेव्हा एकोणीस वर्षांचा. २०११ च्या ऑगस्टमध्ये लेवरकुसेनला गोलकीपरची अडचण आली म्हणून लेनोला उसना दिला. त्यानं तिथे असं काही केलं की त्या हिवाळ्यातच लेवरकुसेननं त्याला विकत घेऊन टाकलं. पुढे तो जर्मनीकडून आणि आर्सेनलकडून खेळला. व्हीएफबीनं उलराइशवर विश्वास ठेवला, तोही २०१५ ला बायर्नला गेला, नॉयरच्या मागे बेंचवर बसायला. मग डोर्टमुंडहून मिचेल लँगेराक घेतला, तो मोसम सुरू होण्याआधी जखमी. घाईघाईनं आइंडहोव्हनहून पोलंडचा टायटोन. त्या मोसमात व्हीएफबीनं ७५ गोल खाल्ले.

दहा वर्षांपूर्वी ह्या जागेसाठी क्लबला बाहेर बघायची गरज नव्हती. पिकतं तिथं विकत नाही अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे पिकत होतं, विकतही होतं, फक्त खाणारे दुसरे होते.

फॉरवर्डची गोष्ट थोडक्यात उरकतो, ती त्याच वळणानं जाते. २००९ ला गोमेझ बायर्नला गेला, किंमत ३ कोटी युरोंच्या पुढे असल्याच्या बातम्या होत्या. बुंडेसलीगाच्या दोन क्लबांमधला तोवरचा हा सर्वांत मोठा सौदा. ती रक्कम बघून कोणालाही वाटेल की आता दहा वर्षांची ददात मिटली. पण त्यातून पावेल पोग्रेब्न्याक रशियातून आला, झ्द्राव्को कुझ्मानोविच फ्लॉरेन्सहून आला, ह्लेब बार्सेलोनाहून उसना परत आला आणि त्याच्यात पूर्वीचा ह्लेब सापडला नाही. विकतच्या खेळाडूचा खरा खर्च किंमत नसते, पगार असतो. घरच्या पोराचा पगार त्याच्या खेळाबरोबर चढतो. बाहेरून आणलेल्याचा पहिल्या दिवसापासून चढलेला असतो, आणि खेळ पडला तरी करार संपेपर्यंत तो उतरत नाही. तेवढा पगार दुसरा क्लब देणार नाही, म्हणून त्याला विकताही येत नाही. मारिकाचा करार २०११ ला आपसात मिटवून त्याला मोकळं केलं, तेव्हा विक्रमी खरेदीच्या बदल्यात हाती काही आलं नाही. गंमत म्हणजे तो गेला शाल्कला. तिथे तेव्हा मॅनेजर कोण होता? होर्स्ट हेल्ट.

हेल्ट २०१० च्या जुलैत गेला. त्याच महिन्यात, वर्ल्ड कप संपल्यावर, खेदिराही रेआल माद्रिदला गेला. करारातलं एकच वर्ष उरलेलं असल्यामुळे त्याची पूर्ण किंमत मिळण्यासारखी नव्हती. हिल्डेब्रांडचा धडा अर्धाच गिरवला गेला म्हणायचा.

हेल्टला खलनायक करायला मी तयार नाही. गेर्लिंगेनच्या बसस्टॉपवर कोणी तसं म्हणालं तर मी २००६ च्या उन्हाळ्याची आठवण देतो. एका वर्षाच्या अंतरानं त्याच माणसानं क्लबच्या इतिहासातली सर्वांत हुशार आणि सर्वांत फसलेली खरेदी केली. पहिल्या वर्षी त्याच्याकडे पैसे नव्हते आणि कोणाची अपेक्षा नव्हती. दुसऱ्या वर्षी दोन्ही होतं. रॉबर्ट बॉशची एक गोष्ट इथे सांगतात: कारखान्यात जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी बघून त्यांनी विचारलं, हे काय आहे? कामगार म्हणाला, टाचणी. बॉश म्हणाले, नाही, हे माझे पैसे आहेत. स्वाबियन माणूस पडलेली टाचणी उचलतो. पण लॉटरी लागल्यावर टाचण्या दिसेनाशा होतात, मग तो स्वाबियन असो नाहीतर कोकणस्थ.

हेल्टनंतर आला फ्रेडी बोबिच, १९९७ साली कप जिंकणाऱ्या संघाचा फॉरवर्ड, गावात लाडका. त्याच्या वाट्याला उलटी परिस्थिती आली: स्टेडियमचं नवं बांधकाम, कमी झालेलं उत्पन्न, आणि वरून काटकसरीचा आदेश. म्हणजे आधी पैसे होते तेव्हा नीट खरेदी झाली नाही, आणि आता नीट खरेदी करायची तर पैसे नाहीत. त्यातही पहिल्याच उन्हाळ्यात इटलीचा वर्ल्ड कप विजेता माउरो कामोरानेसी आणला. तो हिवाळ्यात अर्जेंटिनाला निघून गेला. ट्रेश वोल्फ्सबुर्गला, शीबर डोर्टमुंडला, दोघेही इथे घडलेले. योशुआ किमिश नावाचा अठरा वर्षांचा मुलगा २०१३ साली तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असलेल्या लाइपझिगला गेला. आज त्याचं नाव फुटबॉल न बघणाऱ्यांनाही माहीत आहे. बोबिचनं काही चांगली माणसंही आणली, मार्टिन हार्निक, वेदाद इबिशेविच. २०१३ ला संघ कपच्या फायनलला पोचला आणि बायर्नशी २-३ असा हरला. पण सर्वांत बोलकं उदाहरण शिन्जी ओकाझाकीचं. जपानचा हा मेहनती फॉरवर्ड २०११ ला आला. इथे त्याला कडेला खेळवत राहिले आणि २०१३ ला माइन्झला विकलं. माइन्झनं त्याला मधोमध उभा केला, तिथे तो धडाधड गोल मारू लागला. मग लेस्टर. २ मे २०१६ ला लेस्टर इंग्लंडचं विजेतं ठरलं, त्या संघात ओकाझाकी होता. त्यानंतर बारा दिवसांनी, १४ मे ला, व्हीएफबी वोल्फ्सबुर्गला ३-१ असं हरलं आणि खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं. १९७७ पासून क्लब एकदाही खाली गेला नव्हता.

आयपीएलची सवय असलेल्यांना हे 'खाली जाणं' नीट कळत नाही. तिथे शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी लिलावात नवी सुरुवात. इथे अठरा संघांपैकी शेवटचे दोन सरळ बाहेर. टीव्हीचे पैसे घटतात, जाहिरातदार भाव पाडतात, चांगले खेळाडू निघून जातात. क्लबच्या ऑफिसातल्या साध्या कारकुनाचीही नोकरी धोक्यात येते. आदल्या आठवड्यात माइन्झविरुद्ध घरी १-३ हरल्यावर लोक मैदानात घुसले होते, त्यात रागापेक्षा हताशपणा जास्त होता.

आणि ह्या सगळ्या काळात ट्रेनर? नोव्हेंबर २००८ मध्ये फेला काढल्यापासून मे २०१६ पर्यंत बाबेल, ग्रोस, केलर, लाबाडिया, श्नायडर, श्टेवेन्स, पुन्हा फे, पुन्हा श्टेवेन्स, झोर्निगर, क्रामनी. प्रत्येकाला आपल्या पद्धतीचे खेळाडू हवेत. एकानं मागवलेला माल दुसऱ्याच्या गोदामात पडून राहायचा.

इथे जरा थांबून एक गोष्ट बोलायला हवी, कारण घरचं आणि विकतचं असं म्हणताना आपल्या मनात काहीतरी टोचतं. आपण कोण? ऑगस्ट २००० मध्ये जर्मन सरकारनं कॉम्प्युटरवाल्यांसाठी ग्रीन कार्ड काढलं. त्यानंतरच्या दशकात पुण्या-मुंबईहून, नाशिकहून कितीतरी मराठी घरं ह्या नेकारच्या खोऱ्यात आली. त्याआधीही नाशिकच्या मायकोतली माणसं फॉयरबाखला शिकायला येत, आणि मुंबई तर १९६८ पासून श्टुटगार्टची भगिनी-नगरी आहे. आपण सगळे ह्या भाषेत 'विकतचे'. तयार होऊन आलो, घडलो दुसरीकडे. तेव्हा विकतचा खेळाडू वाईट असं मी म्हणूच शकत नाही, आणि व्हीएफबीचा इतिहासही तसं सांगत नाही.

काकाउचं उदाहरण घ्या. ब्राझीलचा मुलगा, जर्मनीत आला तेव्हा म्युनिकच्या एका तुर्की क्लबमध्ये खालच्या लीगमध्ये खेळायचा. २००३ ला व्हीएफबीत आला. २००७ च्या विजेत्या संघात होता. २००९ ला जर्मन नागरिक झाला, २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोल मारला. सहकाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'हेल्मुट'. अकरा वर्षं इथे खेळला. तो घरचा की विकतचा? पार्दो इथे अडीच वर्षंच होता, पण त्याचं नाव काढलं की अजूनही म्हातारे स्वाबियन हसतात. त्यांना आणलं तेव्हा त्यांच्यासाठी काम होतं, आणि शेजारी असे लोक होते ज्यांच्याकडून इथलं शिकता येईल. २००७ नंतर आलेल्यांना सांगायला, समजवायला घरचेच कमी होत गेले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पुढचं थोडक्यात. खाली गेल्यावर टिमो वेर्नर लाइपझिगला गेला, तो इथलाच, लहानपणापासूनचा. २०१७ ला क्लब परत वर आला. त्याच वर्षी सभासदांनी फुटबॉल विभागाची कंपनी करायला मान्यता दिली आणि डाइमलरनं ४ कोटी १५ लाख युरो गुंतवले. पुन्हा हाती पैसे. मॅनेजर मिखाएल रेश्केनं २०१८ च्या उन्हाळ्यात नवी-जुनी नावं आणली. त्या वर्षी मँचेस्टर सिटीकडून घेतलेला मफेओ म्हणजे नवी विक्रमी खरेदी, आणि मारिकाचाच पुढचा अध्याय. २०१९ च्या मे मध्ये युनियन बर्लिनशी जोडमॅचमध्ये २-२ आणि ०-० करून, बाहेरच्या गोलांच्या नियमानं, दुसऱ्यांदा खाली. ह्या खेपेला निदान दहा वर्षं लागली नाहीत.

२०२३ च्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा तीच वेळ आली होती. हांबुर्गविरुद्धच्या जोडमॅचनं संघ कसाबसा वाचला. मॅनेजर फाबियान वोलगेमूटनं कॅप्टन एंडोला लिव्हरपूलला विकलं, माव्रोपानोस आणि सोसालाही विकलं, आणि लोकांनी डोक्याला हात लावला. पण त्याच मोसमात ट्रेनर सेबास्टियान होएनेसच्या हाताखाली ७३ गुण आणि दुसरा नंबर आला, बायर्नच्या वर. गिरासीनं २८ गोल मारले. पुढच्या उन्हाळ्यात गिरासी, आंटोन आणि इतो तिघे गेले, लीगमध्ये संघ नवव्या नंबरवर उतरला, आणि तरीही २४ मे २०२५ ला बर्लिनला बीलेफेल्डला ४-२ हरवून कप जिंकला. त्यात पहिला गोल मारणारा निक वोल्टेमाडे २०२४ ला ब्रेमेनहून फुकट आलेला, करार संपला म्हणून, हिल्डेब्रांड गेला तसाच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो न्यूकॅसलला गेला तेव्हा साडेसात कोटी युरोंहून अधिक किंमतीच्या बातम्या होत्या. बोसमानचा निकाल अखेर एकदा ह्या बाजूनंही उपयोगी पडला.

गोलकीपरची जागा मात्र अजून हट्टीच होती. २०२३ पासून तिथे उभा राहिला अलेक्झांडर नूबेल, बायर्नचा. घरचा नाही, विकतचाही नाही. उसना.